गाडीवर आहेस का?

हेल्मेट आणि गाल यांच्या फटीत फोन आडवा खुपसायचा. तो घट्ट बसला की दोन्ही हात हँडलला मोकळे. सांगलीत विश्रामबाग चौकात सकाळी दहाच्या सुमाराला उभे राहिले की ही युक्ती पाच मिनिटांत दिसते. हेल्मेट नसले तर खांदा वर, मान तिरकी आणि दोन्हींच्या चिमटीत फोन. उन्हा-धुळीसाठी चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेल्या मुली तो ओढणीच्या आतच सरकवतात. लांबून बघावे तर मुलगी नुसती गाडी चालवते आहे असेच वाटते. जवळून गेली की "हो गं, पोचतेच आहे" एवढे शब्द कानावर पडतात.

यंदाच्या अंकाचा विषय 'लक्ष' आहे, असे संपादकांनी कळवले. ध्यानधारणेवर आणि अभ्यासातल्या एकाग्रतेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही रस्त्यावर जाऊन बघा, असे त्यांचे म्हणणे पडले. मी सांगली-मिरज पट्ट्यात राहणारा माणूस. या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात कॉलेजे, क्लासेस, दवाखाने आणि वडापच्या रिक्षा यांची दिवसभर दाटी असते. पावसाळ्याचे दोन महिने मी चौकात, मैदानावर, अपघात विभागाच्या व्हरांड्यात आणि डिलिव्हरीची मुले थांबतात त्या झाडाखाली जमेल तसा जात राहिलो. लेखात कोणाचे नाव घातलेले नाही. बहुतेक मुले अठरा ते बावीस वर्षांची आहेत आणि जे सांगितले ते त्यांनी विश्वासाने सांगितले.

हेही आधीच सांगतो, की हा विषय माझ्यासाठी परका नव्हता. त्याचे कारण पुढे येईल.

चौकात

पहिल्या दिवशी मी वही घेऊन मोजायला बसलो होतो. अर्ध्या तासात मोजणे सोडून दिले, कारण नक्की काय मोजायचे तेच ठरेना. फोन कानाला लावलेला मुलगा सरळ दिसतो. पण पेट्रोलच्या टाकीवर फोन ठेवून अंगठ्याने स्क्रीन सरकवणारा? सिग्नलला थांबल्यावर मेसेज वाचणारा आणि हिरवा लागला तरी मान खाली असलेला? दोन्ही कानांत इयरबड्स घालून शांतपणे चाललेली मुलगी? मागच्या सीटवरचा मित्र पुढे फोन धरून व्हिडिओ दाखवतो आहे आणि चालवणारा हसतो आहे, हे कोणत्या रकान्यात घालायचे?

चौकातले हवालदार म्हणाले, "हातात फोन असलेला आम्हाला दिसतो, डोक्यात फोन असलेला दिसत नाही." त्यांच्या बोलण्यात विषयाचा गाभा आला. लक्ष विचलित होते ते तीन वाटांनी. डोळे रस्त्यावरून हटतात, हात हँडलवरून हटतो आणि मन गाडीवरून हटते. फोन या तिन्ही वाटा एकदम उघडतो. हातातला फोन काढून कानात बड घातला तर त्यातली एक वाट बंद होते, फार तर दीड.

पाच मैदाने

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. मेसेज कोणाचा आला एवढे बघायला चार सेकंद लागतात असे धरा. तेवढ्यात गाडी साधारण ६६ मीटर पुढे गेलेली असते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. अशी पाच मैदाने एकापुढे एक आखली आणि ती डोळे मिटून पळत ओलांडायला सांगितली, तर आमच्याकडचा अट्टल चढाईपटूसुद्धा नकार देईल. तोच मुलगा घरी जाताना अंकलीच्या पुलावर हे सहज करतो.

डोळे मिटले की निदान आपल्याला दिसत नाही हे कळते. फोनवर बोलताना डोळे उघडे असतात, त्यामुळे दिसते आहे असा समज राहतो. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या सिम्युलेटरवर बरेच प्रयोग केले. फोनवर बोलणारे चालक ब्रेक उशिरा मारतात, आणि फोन हातात आहे की हात मोकळे आहेत याने त्यात फारसा फरक पडत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. समोरची वस्तू डोळ्यांवर उमटते, पण मेंदू तिची नोंद घेत नाही.

हे मला स्वतः बघायचे होते. आमच्या भागात मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे एक काका आहेत, पंचवीस वर्षे शिकवतात. त्यांच्या मोकळ्या मैदानावर आम्ही एक साधा खेळ केला. चुन्याने इंग्रजी आठचा आकडा आखला. दुसऱ्या वर्षाला असलेला, गाडीवर चांगला हात बसलेला एक मुलगा हेल्मेट घालून, अगदी सावकाश, त्यावरून फिरू लागला. दोन फेऱ्या सफाईने झाल्या. मग काकांनी फोन लावला, मुलाच्या कानात बड होताच, आणि म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हण."

एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. इथवर गाडी नीट चालली होती. चौथ्याला वेग आपोआप मंदावला. पाचव्याला चाक चुन्याच्या रेषेबाहेर गेले. सहाव्याला त्याने पाय टेकला आणि "थांबा, थांबा" म्हणाला. काकांनी शिट्टी वाजवली की ब्रेक मारायचा असे आधी ठरले होते. पाढा नसताना शिट्टीसरशी गाडी थांबत होती. पाढा चालू असताना शिट्टी वाजली, आम्हा सगळ्यांना ऐकू आली, आणि त्याला ती ऐकूच आली नाही. "तुम्ही वाजवलीच नाही," असे तो ठामपणे म्हणत होता. खोटे बोलत नव्हता तो.

हात मोकळे, डोळे रस्त्यावर, वेग सायकलचा. तरीही.

काका स्वतः शिकवताना याच्या उलटे करून घेतात. शिकाऊ मुलाला ते जे दिसेल ते मोठ्याने बोलायला लावतात. "समोर रिक्षा, डावीकडे शाळेचे गेट, बाई रस्ता ओलांडणार, उजवीकडून ट्रक." पहिल्या दिवशी मुले लाजतात. आठवड्याने त्यांना सवय लागते. तोंड रस्त्याबद्दल बोलत असले की मन दुसरीकडे पळू शकत नाही, हे काकांनी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही. जगात इतर ठिकाणीही चालकांना असे शिकवतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असणारच. साधी गोष्ट आहे."

नवखा हात

फोन सगळेच वापरतात, मग तरुणांच्या नावाने का ओरडायचे, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. चाळिशीतले गृहस्थ मोटारीत काय करतात ते मीही बघतो.

या प्रश्नाचे चांगले उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून आले. तिथल्या संशोधकांनी ४२ नवख्या, नुकतेच लायसन्स मिळालेल्या किशोरांच्या आणि १०९ अनुभवी चालकांच्या मोटारींत कॅमेरे आणि इतर उपकरणे बसवली आणि महिनोन् महिने नोंदी ठेवल्या. २०१४ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोनवर नंबर लावताना नवख्यांचा अपघाताचा किंवा थोडक्यात बचावण्याचा धोका आठ पटींहून जास्त वाढत होता, फोनसाठी हात पुढे करताना सात पटींच्या आसपास, मेसेज पाठवताना जवळपास चौपट. नुसते खातानाही तिप्पट. अनुभवी चालकांचा धोका नंबर लावताना वाढला, पण अडीच पटींच्या आसपास.

अनुभवी माणसाला रस्ता वाचता येतो. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी पळत येणार, वडापची रिक्षा हात दिसला की कुठेही थांबणार, हे त्याला अंगवळणी पडलेले असते. त्यासाठी त्याचे थोडेच लक्ष खर्च होते. नवख्याला प्रत्येक गोष्ट नव्याने बघावी लागते, त्याचे सगळे लक्ष आधीच कामाला लागलेले असते. त्यातून फोनसाठी काढायला शिल्लक काही नसते, आणि शिल्लक नाही हे त्याला माहीत नसते.

शिवाय बरोबर मित्र असले की धाडस वाढते. ट्रिपल सीट बसलेल्या तिघांना वेगवेगळे विचारले तर तिघेही शहाण्यासारखे बोलतात. एकत्र बसले की तिघांचे मिळून एक वेगळेच डोके तयार होते. न्यूझीलंडने १९८७ पासून तरुणांना लायसन्स पायरीपायरीने द्यायला सुरुवात केली. आधी शिकाऊ, मग रात्री एकट्याने चालवणे आणि मित्रांना बसवणे यांवर बंधन असलेले, आणि शेवटी पूर्ण. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे कच्चे लायसन्स आणि पक्के लायसन्स या दोनच पायऱ्या. पक्के हातात पडले त्याच रात्री दोन मित्रांना घेऊन पन्नास किलोमीटर जायला कायद्याची आडकाठी फक्त तिसऱ्या माणसापुरती.

परीक्षा घेणाऱ्यांचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. आठचा आकडा, चढावर गाडी मागे न सरकवता उचलणे, रिव्हर्स, यातून गाडीवरचा ताबा कळतो. खिशात फोन थरथरला तर हा मुलगा काय करील, हे कोणत्याही मैदानावर कळत नाही.

कोणाचा फोन होता?

चौकाच्या कडेला चहाच्या गाड्यावर मी मुलांशी बोलायला लागलो. आधी विचारत होतो, "गाडी चालवताना फोन का उचलतोस?" यावर मुले ओशाळत, किंवा "सवय" म्हणून मोकळी होत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "आत्ता कोणाचा फोन होता?"

आईचा. "पोचलास का" म्हणून. वडिलांचा, येताना खताच्या दुकानात चौकशी करायला सांगितले होते. क्लासच्या सरांचा, लेक्चर अर्धा तास अलीकडे घेतले आहे. पार्ट टाइम काम करतो त्या दुकानाच्या मालकांचा. आजीचा. परत आईचा. मैत्रिणीचा, मित्राचा, असेही आले, नाही असे नाही. पण घरून आलेल्या फोनांचे प्रमाण ऐकून मी चकित झालो. एक मुलगी म्हणाली, "मैत्रिणीचा फोन मी घेत नाही, नंतर करते. आईचा नाही घेतला तर ती सहा वेळा करते आणि मग बाबांना सांगते."

काळजीपोटीच करतात सगळे.

आता माझे सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा मिरजेहून सांगलीला येत होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, वय एकोणीस. माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मिरजेतल्या दुकानात त्या नक्की मिळतात म्हणून मी त्याला फोन लावला. त्याने उचलला. वाऱ्याचा घोंघावणारा आवाज येत होता, म्हणजे तो गाडीवर आहे हे मला कळले होते. तरी मी बोलत राहिलो. गोळीचे नाव सांगितले, किती मिलिग्रॅमची ते सांगितले. त्याने "काय म्हणालास मामा, किती?" असे विचारले, म्हणून मी आकडा पुन्हा सांगितला.

त्याच क्षणी त्याच्या पुढची वडापची रिक्षा कडेला हात केलेल्या बाईंसाठी थांबली.

फोन हेल्मेटमध्ये खुपसलेला होता. मला एक आवाज ऐकू आला, मग फोन रस्त्यावर घासत गेल्याची खरखर, मग कोणीतरी लांबून ओरडले, "पोराला उचला, पोराला उचला." फोन चालूच होता. मी इकडे आकडा सांगून थांबलो होतो.

कॉलरबोन मोडले, उजवे मनगट मोडले, हनुवटीला नऊ टाके पडले. हेल्मेटमुळे डोके वाचले. त्याची एक सेमिस्टर गेली. आज तो नोकरीला आहे, मनगट पावसाळ्यात दुखते. घरात सगळे त्याला बोलले, गाडीवर फोन का घेतलास म्हणून. मला कोणी काही बोलले नाही. दवाखान्यात बहिणीने माझ्याच हातात चहा दिला.

यूटातल्याच संशोधकांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. चालकाने शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवरच्या माणसाशी बोलणे यांत फरक पडतो. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. वळण आले, गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, कधी "अरे, समोर बघ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही. तो बोलतच राहतो. हे वाचले तेव्हा मला तो मिलिग्रॅमचा आकडा आठवला. मी भाच्याच्या मागच्या सीटवर असतो तर रिक्षा मला त्याच्या आधी दिसली असती.

पावती

कायदा आहे, आणि तो सौम्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्त्या झाल्या. गाडी चालवताना हातात फोन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितले होते, की गाडीवर मोबाइल वापरणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून चालू झालेली कॅमेऱ्यांची यंत्रणा चालकाच्या हातातला फोन टिपते.

गावात मात्र सगळे हवालदारांच्या डोळ्यांवर आणि हातातल्या यंत्रावर चालते. कोणी फोनवर बोलताना दिसला तर ते फोटो काढतात, पावती ऑनलाइन तयार होते. पळालेल्या मुलाच्या मागे गाडी घालायची नाही, असे एका महिला पोलिसांनी स्पष्ट सांगितले. "घाबरून तो कुठेतरी धडकायचा. हजाराच्या पावतीपायी पोराचा जीव घालवायचा का?" पावतीचा संदेश नंतर गाडीमालकाच्या मोबाइलवर येतो. गाडी बहुतेक वडिलांच्या नावावर असते. वडील संध्याकाळी ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता "कुठे आहेस" म्हणून फोन करतात.

अठराच्या आतल्यांचा प्रश्न आणखी अवघड. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली गाडी चालवता येते, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या जवळपास सगळ्या स्कूटर त्याच्या दुप्पट ताकदीच्या. तरीही अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर त्यांच्या रांगा लागलेल्या असतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मी ज्या पालकांना हे सांगितले त्यांतल्या बऱ्याच जणांना दंड माहीत होता, पंचविशीची अट माहीत नव्हती. ती ऐकून एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले.

आकड्यांत न दिसणारे

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ६६ टक्के १८ ते ४५ वयातली, आणि ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. आणि मोबाइलमुळे? २०२१ च्या अहवालात देशभराचा आकडा होता १,०४० मृत्यू. विश्रामबाग चौकात एक तास घालवलेल्या कोणालाही हा आकडा पटणार नाही.

कारण तपासात दडलेले आहे. फिर्यादीत ठरलेली भाषा असते: वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून. त्यात फोन येत नाही. चालक मेला असेल तर कोण सांगणार, आणि जगला असेल तर तो कशाला सांगेल? फोनच्या नोंदी काढता येतात, पण त्यासाठी वेळ आणि मनुष्यबळ लागते, आणि रस्त्यावरची वाहतूक तोवर मोकळी करायची असते. माझ्या भाच्याच्या अपघाताची नोंदही "समोरील वाहन अचानक थांबल्याने" अशीच झाली. ते खोटे नव्हते.

खेड्याकडे गेले की आणखी एक प्रकार दिसतो, जो कोणत्याच रकान्यात बसत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि चालवणारा पुष्कळदा विशी-बाविशीतला. मडगार्डवर लावलेले मोठे स्पीकर आणि त्यावर चढ्या आवाजात गाणी. मागून येणाऱ्याने कितीही हॉर्न दिला तरी त्याला ऐकू येत नाही. मागे बघायला आरसा असला तरी उसापलीकडचे दिसत नाही. मी अशा एका चालकाशी बोललो. तो म्हणाला, "रात्रभर खेपा करायच्या, गाणं नसलं तर झोप लागंल." त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. त्याच्या झोपेचा विचार ज्याने करायचा तो कारखान्याच्या रांगेत त्याच्यापुढे उभा नसतो.

डिलिव्हरीच्या मुलांचेही तसेच. त्यांच्या हँडलवर फोन लावलेला असतो. रस्ता दाखवण्यापुरता, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरायला २०२० पासून नियमाने मुभा आहे. पण तोच फोन नवी ऑर्डर आली की वाजतो आणि ती काही सेकंदांत स्वीकारावी लागते, नाहीतर जाते. "थांबून बघितलं तर गेली, चालता चालता बघितलं तर मिळाली," झाडाखाली बसलेला एक मुलगा म्हणाला. बी.ए. करून हे काम करणारा. या मुलाला 'गाडीवर फोन बघू नकोस' असा उपदेश करणे मला जमले नाही. चाके फिरत असताना ऑर्डर दाखवायचीच नाही, अशी सोय ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती करावी. गाडी चालू आहे की थांबली आहे, हे फोनला कळतेच.

वाजणारा फोन

अपघात विभागातल्या एका ज्येष्ठ परिचारिकांनी मला जे सांगितले ते मी विसरू शकलेलो नाही. बेशुद्ध तरुणाला आणले की पहिले काम उपचार, आणि दुसरे त्याच्या घरच्यांना शोधणे. फोन खिशात असतो, काच तडकलेली असली तरी चालू असतो. पण तो लॉक असतो. आतला एकही नंबर बघता येत नाही.

"मग आम्ही फोन यायची वाट बघतो," त्या म्हणाल्या. "फार वेळ बघावी लागत नाही. पाच-दहा मिनिटांत वाजतोच. स्क्रीनवर 'आई' असं येतं. मी उचलते तर पलीकडून आधी रागवायला सुरुवात होते, कधीचा फोन करतेय म्हणून. मला ते पूर्ण ऐकून घ्यावं लागतं."

लॉक असलेल्या स्क्रीनवरही दिसेल असा तातडीच्या संपर्काचा नंबर आणि रक्तगट नोंदवायची सोय हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये असते. त्या बाईंनी माझ्यासमोर माझ्या फोनमध्ये ते करून घेतले. दोन मिनिटे लागली.

डिकी

मुलांना विचारले की उपाय काय, तर सगळ्यात साधे उत्तर एका कॉमर्सच्या मुलीने दिले. फोन डिकीत. स्कूटरची सीट उचलायची, फोन आत टाकायचा, सीट बंद. थरथरला तरी कळत नाही, उचलायचा तर उतरावे लागते. मोटारसायकलवाल्यांना डिकी नसते, त्यांनी पाठीवरच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवावा. फोनमध्ये गाडी चालवताना आवाज बंद करणारी आणि "मी गाडीवर आहे, नंतर बोलतो" असा निरोप आपणहून धाडणारी सोयही असते. आयफोनमध्ये ती २०१७ पासून आहे, इतर अनेक फोनमध्येही सापडते. तिची अडचण एकच, तो निरोप वाचून घरचे पुन्हा फोन करतात.

मुलीने फोन डिकीत टाकायला सुरुवात केली तेव्हा तिच्या घरी पहिला आठवडा गोंधळ झाला. आई घाबरली, वडील क्लासवर जाऊन आले. मग त्यांनी एक गोष्ट ठरवली. ती निघताना "निघाले" असा मेसेज करते आणि पोचल्यावर "पोचले". मधली पंचवीस मिनिटे कोणी फोन करायचा नाही. आईने स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली पंचवीस हा आकडा लिहून चिकटवला आहे. मी तो पाहिला. तिच्या आई म्हणाल्या, "पहिले काही दिवस ती पंचवीस मिनिटं फार मोठी वाटली. आता वाटत नाहीत."

आमच्या घरी तीन वर्षांपासून एक पद्धत आहे. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न, "गाडीवर आहेस का?" हो म्हटले, किंवा नुसता वाऱ्याचा आवाज आला, तरी पुढे एक शब्द न बोलता फोन ठेवायचा. निरोप कितीही तातडीचा असो. राग आला तर येऊ दे. भाचा आता गाडीवर फोन घेत नाही, पण ही पद्धत आम्ही त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी पाळतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी यायला निघाली असतील. पुण्याहून, मुंबईहून, कोल्हापूरहून, काही रात्रीची, काही मित्राच्या गाडीवरून. फराळाचे डबे भरून झालेले असतील आणि आपला हात फोनकडे जाईल. तेव्हा एवढेच करा. त्यांनी निघताना सांगितलेली वेळ कागदावर लिहा, पोचायला लागणारा वेळ त्यात मिळवा, आणि तोवर फोन लावू नका.